एका तासात शंभर प्रश्न: कम्बाइन पूर्वच्या हॉलमध्ये वेळ आणि डोकं कसं सांभाळायचं

माझ्या दुसऱ्या कम्बाइन पूर्वला, म्हणजे एमपीएससीच्या गट ब आणि गट क संयुक्त पूर्व परीक्षेला, ४१ व्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं, की पुस्तिकेत मी ६४ वा प्रश्न वाचतोय आणि उत्तरपत्रिकेवर पेन ६३ च्या ओळीवर आहे. छातीत धस्स झालं. एकेक ओळ मागे जात शोधलं, तर ४७ वा प्रश्न मी सोडला होता, पण उत्तरपत्रिकेवर त्याची ओळ सोडायची राहून गेली होती. तिथून पुढचं प्रत्येक उत्तर एक घर वर सरकलेलं. काळ्या बॉलपेननं रंगवलेलं वर्तुळ पुसता येत नाही. त्यानंतरची दहा मिनिटं मी काय वाचलं, ते मला आजही आठवत नाही. खरं तर ६४ ते १०० असे ३७ प्रश्न अजून माझ्या हातात होते. ते मी घाबरून घालवले.

पुढच्या वर्षी जवळपास तेवढ्याच अभ्यासावर पूर्व निघाली. मधल्या काळात मी नवीन पुस्तक घेतलं नाही. बदलली ती एकच गोष्ट: हॉलमध्ये घ्यावे लागणारे निर्णय मी घरूनच घेऊन गेलो. कुठला प्रश्न कधी सोडायचा, वर्तुळं कधी रंगवायची, डोकं बधिर झालं तर नेमकं काय करायचं, सगळं आधी ठरलेलं. शांत राहणं हा काही जणांचा स्वभाव असतो, असं मी तोवर समजत होतो. आता माझं मत वेगळं आहे. ज्याच्याकडे हॉलमध्ये ठरवायला कमी उरलेलं असतं, तो शांत दिसतो.

हा लेख याच परीक्षेबद्दल आहे, आपण सगळे जिला कम्बाइन म्हणतो ती. १०० प्रश्न, १०० गुण, ६० मिनिटं, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. तुमच्या जाहिरातीत यातलं काही बदललेलं नाही ना, एवढं आधी पाहून घ्या.

आधी सेकंदांचा हिशेब

६० मिनिटं म्हणजे ३६०० सेकंद, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो खरा नाही. एक वर्तुळ नीट, कडेपर्यंत रंगवायला चार-पाच सेकंद जातात. तुम्ही ८५-९० प्रश्न सोडवणार असाल तर सात मिनिटं नुसती रंगवण्यात गेली. शेवटची दोन मिनिटं तपासणीला ठेवलीत तर हातात उरली ५१ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३० सेकंद, आणि त्यातच वाचन, आठवणं, पर्याय तोलणं आलं. राज्यसेवा पूर्वच्या पहिल्या पेपरला शंभर प्रश्नांना दोन तास मिळतात. तिथली सवय इथे घेऊन आलात, तर ५० व्या प्रश्नालाच वेळ संपल्याची घंटा होते.

चार विधानं देऊन ‘खालीलपैकी कोणती विधानं अयोग्य आहेत’ असा प्रश्न नुसता वाचायलाच वीस सेकंद लागतात. याउलट एखादं कलम, एखादी नदी, एखादा जिल्हा सरळ विचारला असेल तर दहा सेकंदांत विषय संपतो. म्हणून ‘प्रत्येक प्रश्नाला इतका वेळ’ ही वाटणी निरुपयोगी आहे. वेळ वाटायचा तो फेऱ्यांना.

तीन फेऱ्या

मी वापरलेली वाटणी सांगतो. मिनिटं तुमच्या वेगाप्रमाणे इकडेतिकडे करा, पण क्रम मोडू नका.

पहिली फेरी: सुरुवातीपासून २६ व्या मिनिटापर्यंत. अंकगणित आणि बुद्धिमापन सोडून बाकी सगळे प्रश्न, म्हणजे साधारण ऐंशी-पंच्याऐंशी. प्रत्येक प्रश्न वाचायचा आणि तीनपैकी एक निर्णय घ्यायचा. येतं, तर उत्तर पक्कं. दोन पर्यायांत अडकलंय, तर प्रश्नक्रमांकाशी एक आडवी रेघ. गंधच नाही, तर फुली. चौथा प्रकार नाही. ‘थांब, आठवतंय, आठवतंय’ हा चौथा प्रकार आहे आणि तोच पेपर खातो. आठवायचं असेल तर ते पुढचे प्रश्न वाचताना आपोआप आठवतं. मला स्वतःला कितीतरी वेळा भूगोलाचा प्रश्न सोडवताना मागे सोडलेलं इतिहासातलं नाव सापडलं आहे. डोक्याला काम लावून पुढे जायचं, त्याच्या दारात उभं राहायचं नाही.

दुसरी फेरी: २६ ते ४०. गणित आणि बुद्धिमापन. अनेक जण गणितानं सुरुवात करतात, कारण ‘हमखास गुण’. गुण हमखास आहेत हे खरं, पण गणितात माणूस रुततो. एक आकडेमोड जुळली नाही की इरेला पेटून दुसऱ्यांदा करतो, मग तिसऱ्यांदा, आणि घड्याळाकडे बघतो तेव्हा पाच मिनिटं गेलेली असतात. तसंच ते अगदी शेवटी ठेवणाऱ्यांचे हमखास गुण घंटेत जातात. मधला वेळ त्याच्यासाठी राखून ठेवा आणि त्या १४ मिनिटांना इतर विषयांनी हात लावू नये, हे पाळा.

इथेही आधी सगळ्या प्रश्नांवर नजर टाका. १५० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किलोमीटरनं ३०० मीटरचा पूल किती वेळात ओलांडेल, असा प्रश्न दिसला की हात चालायला हवा: ५४ गुणिले ५ भागिले १८ म्हणजे सेकंदाला १५ मीटर, एकूण अंतर ४५०, उत्तर ३० सेकंद. अर्ध्या मिनिटाचं काम. पण आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, निम्मी आत आणि निम्मी बाहेर तोंड करून, आणि त्यावर एकच प्रश्न आहे, तर त्याला फुली. गुण दोन्हींना एकच आहे. मला बैठकव्यवस्थेचे प्रश्न फार आवडायचे आणि ते सोडायला मला सगळ्यात जास्त सराव करावा लागला.

तिसरी फेरी: ४० ते ५३. आता फक्त आडव्या रेघा असलेले प्रश्न. हे साधारण वीस-पंचवीस असतात आणि माझ्या अनुभवात पूर्व निघते की नाही, ते इथे ठरतं. पहिल्या फेरीतले सोपे प्रश्न तुमच्यासारखे सगळेच सोडवतात.

५३ ते ५८ फुलीवाल्यांपैकी घ्यायचे तेवढे घेणं, आणि शेवटची दोन मिनिटं फक्त उत्तरपत्रिका.

एक प्रश्न जवळून

तिसऱ्या फेरीत काय करायचं, ते एका नमुन्यावर दाखवतो. समजा प्रश्न आहे: पुढील संस्था स्थापनेच्या कालानुक्रमे लावा. अ) आर्य समाज, ब) प्रार्थना समाज, क) भारत सेवक समाज, ड) सत्यशोधक समाज. पर्याय असे: १) ब-ड-अ-क, २) ड-ब-क-अ, ३) ब-अ-क-ड, ४) अ-ड-ब-क.

चारही सालं आठवत बसलात तर मिनिट गेलं. पर्यायांकडे बघा. भारत सेवक समाज गोखल्यांचा, १९०५, म्हणजे बाकीच्यांपेक्षा खूप नंतरचा. तो शेवटी असायलाच हवा. पर्याय २ आणि ३ गेले. उरले १ आणि ४. त्यांच्यात फरक कशाचा? एकात प्रार्थना समाज पहिला आहे, दुसऱ्यात तो सत्यशोधकनंतर आहे. प्रार्थना समाज १८६७, सत्यशोधक १८७३. उत्तर १. आर्य समाजाचं १८७५ हे साल आठवायची गरजच पडली नाही. पंधरा सेकंद.

जोड्या लावा, कालक्रम, ‘फक्त अ आणि क’ असे सगळे प्रश्न असेच सोडवायचे. जे पक्कं माहीत आहे, ते एकच टोक पकडायचं आणि पर्याय कापत जायचं. विधान ‘अ’वर अडलात आणि ‘क’ नक्की चूक आहे हे माहीत असेल, तर ‘क’पासून सुरुवात करा. विधानं क्रमानंच वाचली पाहिजेत असं कुणी सांगितलेलं नाही.

आणखी एक. विज्ञान आणि अर्थव्यवस्थेत मराठी पारिभाषिक शब्दावर गाडी अडली, तर त्याच प्रश्नाचा छापलेला इंग्रजी मजकूर बघा. ‘राजकोषीय तूट’ वाचून क्षणभर काही सुचत नाही आणि ‘फिस्कल डेफिसिट’ म्हटल्यावर सगळं डोळ्यासमोर येतं, असं होतं. पण हे अडलं तरच. प्रत्येक प्रश्न दोन्ही भाषांत वाचायला या परीक्षेत वेळ नाही.

‘योग्य’, ‘अयोग्य’, ‘चुकीचे’, ‘नाही’ या शब्दाखाली वाचतावाचताच पेननं रेघ ओढायची सवय लावा. येत असलेल्या प्रश्नाचे गुण जातात, ते बहुतेक याच एका शब्दापायी.

वर्तुळं कधी रंगवायची

यावर अभ्यासिकेत रात्र-रात्र वाद होतात. प्रत्येक प्रश्नानंतर लगेच रंगवलं तर वाचनाची लय तुटते. सगळं शेवटी ठेवलं तर शेवटच्या दहा मिनिटांत हात कापत असताना नव्वद वर्तुळं रंगवावी लागतात, आणि घर सरकण्याची चूक तिथेच होते. माझं स्पष्ट मत: समोर उघडी असलेली दोन पानं संपली की त्यांची उत्तरं रंगवा, मगच पान उलटा. आठ-दहा वर्तुळं एका दमात होतात, डोळ्यांना आणि डोक्याला तेवढीच विश्रांती मिळते.

रंगवताना प्रश्नक्रमांक मनातल्या मनात उच्चारायचा: ‘सत्तेचाळीस सोडला, अठ्ठेचाळीस तीन, एकोणपन्नास एक.’ सोडलेला क्रमांकसुद्धा उच्चारायचा, हे महत्त्वाचं. माझी चूक नेमकी तिथे झाली होती. शिवाय दर दहाव्या क्रमांकाला थांबून पुस्तिकेतला आणि उत्तरपत्रिकेतला आकडा एकच आहे ना, बघायचं. एक सेकंद लागतो.

पाव गुणाचा हिशेब

निगेटिव्हची भीती आकड्यांनी घालवता येते. पूर्ण अंधारात १६ प्रश्नांची उत्तरं ठोकली, तर सरासरीनं ४ बरोबर आणि १२ चूक येतील. ४ गुण मिळाले, ३ गेले. हातात १ गुण, आणि तोही नशिबानं साथ दिली तर. एवढ्यासाठी १६ वर्तुळांचा वेळ घालवणं मला पटत नाही.

आता एक पर्याय खात्रीनं कापला, असे १२ प्रश्न घ्या. सरासरी ४ बरोबर, ८ चूक: २ गुणांचा फायदा. दोन पर्याय कापले असतील तर तेच १२ प्रश्न ६ बरोबर, ६ चूक, म्हणजे साडेचार गुण. इतक्या गुणांवर निकाल फिरतो. म्हणून नियम साधा ठेवा: दोन पर्याय कापले तर उत्तर द्यायचंच, घाबरायचं नाही. एक कापला तर वेळ असेल तर द्यायचं. काहीच कापता आलं नाही तर सोडायचं.

‘यंदा ९० ॲटेम्प्ट करायचेच’ असं आकडा ठरवून जाऊ नका. पेपर अवघड निघाला तर तोच आकडा गळ्यात अडकतो.

डोकं बधिर झालं तर

पहिलं पान उघडलं आणि ओळीनं पाच प्रश्न अनोळखी. शेजारचा मुलगा तुमच्या आधी पान उलटतो. अर्ध्या तासाची घंटा होते आणि तुम्ही चाळीसच्याच आसपास. असं काही ना काही प्रत्येक पेपरला होतं. शरीराला मात्र ते संकट वाटतं: अ‍ॅड्रेनलिन सुटतं, काळीज धडधडतं, तळव्यांना घाम येतो, आणि एकच ओळ तीनदा वाचूनही आत शिरत नाही. ही ओळ पुन्हा-पुन्हा वाचणं ही सगळ्यात विश्वासार्ह खूण. ती दिसली की जोर लावून वाचत राहू नका.

पेन खाली ठेवा. दोन्ही तळवे बाकावर टेकवा, पावलं जमिनीवर सपाट. चार अंक मोजत नाकानं श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. असं तीनदा. श्वास घेण्यापेक्षा सोडणं लांब हवं, कारण लांब उच्छ्वासानं व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाचे ठोके खाली येतात. एकूण तीस सेकंद गेले, म्हणजे एक प्रश्न. त्या अवस्थेत वाचत राहिलात तर दहा प्रश्न जातात.

मग जिथे अडलात तिथे परत जाऊ नका. दोन पानं पुढे जा आणि पहिला येणारा प्रश्न सोडवा. एक वर्तुळ खात्रीनं रंगलं की हाताला पकड परत येते. हे मी अनेक सराव पेपरांत करून पाहिलं आहे, आणि सरावात केलं होतं म्हणूनच खऱ्या दिवशी आठवलं. घरी एकदाही न केलेली गोष्ट हॉलमध्ये सुचत नाही.

आणि माझ्यासारखी घर सरकल्याची चूक सापडलीच, तर एकच करा. पुढचं वर्तुळ योग्य क्रमांकावर टाका आणि चालू लागा. मागचं किती गेलं याची बेरीज पेपर संपल्यावर.

घरचा सराव

शेवटचे चार आठवडे आठवड्यातून दोन पूर्ण पेपर, तुमच्या परीक्षेची जी वेळ आहे त्याच वेळेला. घड्याळ ५५ मिनिटांचं लावा. हॉलमधली धांदल, सही करून घ्यायला मध्येच येणारे पर्यवेक्षक, हे सगळं त्या पाच मिनिटांत बसतं. छापील उत्तरपत्रिकेच्या प्रती काढून काळ्या पेननंच रंगवा. मोबाईलवर पर्याय दाबून दिलेल्या टेस्टमधून ज्ञान तपासलं जातं, वेळ नाही. दोनपैकी एक पेपर तरी आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकेचा असू दे. खाजगी टेस्ट सिरीज बऱ्याचदा मुद्दाम अवघड काढतात आणि त्यांचे गुण बघून मुलं उगाच खचतात.

एखादा सराव गोंगाटात द्या. मी एक पेपर मेसच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसून दिला होता, जेवणाच्या वेळेला. परीक्षेच्या दिवशी शाळेसमोर वरात वाजत होती आणि मला तिचा त्रास झाला नाही.

पेपर झाल्यावर गुण मोजण्याआधी वहीत चार गोष्टी लिहा: येत होतं पण चुकलं, दोन पर्यायांतून निवडलं आणि बरोबर आलं, सोडलं पण खरं तर येत होतं, आणि एका मिनिटाहून जास्त खाल्लं. शेवटच्या रकान्यात प्रश्नाचा विषयही लिहा. चार पेपरांनंतर तिथे एकच विषय पुन्हा-पुन्हा दिसायला लागतो. माझ्या वहीत अर्थव्यवस्था होती. परीक्षेत त्या विषयाला पहिल्या फेरीत मी जास्त कडक झालो: शंका आली की रेघ आणि पुढे.

आदला दिवस आणि ती सकाळ

केंद्र दुसऱ्या गावी असेल तर रात्रीच्या एसटीनं जाऊन सकाळी उतरण्यापेक्षा आदल्या दिवशी पोहोचा. केंद्राचं फाटक डोळ्यांनी बघून या. एकाच नावाच्या दोन शाळा असतात, आणि एकाच शाळेच्या दोन इमारती असतात. प्रवेशपत्रावर पोहोचायची वेळ दिलेली असते, ती पाळाच. रांग, झडती, ओळखपत्र तपासणी यात वेळ जातो आणि धावत आलेला माणूस पहिली दहा मिनिटं श्वासच गोळा करत असतो.

दोन काळे बॉलपेन, दोन्ही आधी वापरून सरावलेले. मूळ ओळखपत्र, त्याची प्रत, प्रवेशपत्र. हातातलं साधं घड्याळ चालतं का, ते त्या वर्षीच्या सूचनेत वाचा. चालत नसेल तर घंटांवर चालायची सवय घरी करून जा, कारण भिंतीवर चालू घड्याळ असेलच असं धरता येत नाही. नाश्त्याला रोजचंच खा, पोहे तर पोहे. चहा नेहमीएवढाच.

केंद्राबाहेर चालू घडामोडींच्या नोट्स घेऊन उभा असलेला घोळका असतो. तिथे कुणीतरी हमखास असा प्रश्न विचारतो जो तुम्ही कधी ऐकलेला नसतो. त्यापासून लांब, एखाद्या झाडाखाली उभे राहा.

हॉलमध्ये उत्तरपत्रिका मिळाली की बैठक क्रमांक, विषय संकेतांक, प्रश्नपुस्तिका क्रमांक आणि संच हे चारही सावकाश भरा. पुस्तिकेवर छापलेला संच आणि तुम्ही रंगवलेला संच एकच आहे ना, हे बोट ठेवून बघा. पर्यवेक्षकांची सही झाली का, तेही.

घंटा झाली, पेपर दिला, बाहेर आलात. उत्तरतालिका संध्याकाळपर्यंत पाचपन्नास ठिकाणांहून मोबाईलवर येईल. ती उघडण्याआधी दहा मिनिटं कुठेतरी बसा आणि वहीत लिहा: पहिली फेरी कितव्या मिनिटाला संपली, गणिताला प्रत्यक्षात किती गेले, कुठे अडकलात, तो तीस सेकंदांचा श्वास कितीदा लागला. दुसऱ्या दिवसापर्यंत यातलं काहीच नीट आठवत नाही.